पाचशेवरचं शून्य

उरणच्या बाजारात दिनानाथ मोकल कुठं राहतात म्हणून विचारलंत, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. मीटरवाल्याचं घर म्हणालात, की रिक्षावाला थेट ओटीशी आणून सोडील आणि वाटेत न विचारता दोन गोष्टी ऐकवील. एक, या माणसानं सगळा जन्म मीटरच्या काट्यांकडे बघण्यात घालवला. दुसरी, तो पोटच्या पोरीशी बोलत नाही. यातली दुसरी साफ खोटी. बोलत नाही ती पोरगी. हा बिचारा तिच्या एका शब्दासाठी साडेतीन वर्षं झुरतोय, पण लोकांना काय, जीभ उचलली की टाळ्याला लावली!

दिनानाथचा बाप भागोजी मिठागरावर राबला. दिनानाथ आयटीआयला गेला, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाला, आणि गॅसच्या प्लांटात ठेकेदाराकडे तीस वर्षं खपून घरी बसला. घरी बसला म्हणजे ओटीवर टेबल टाकून बसला. करंजा बंदरावर बर्फाचे कारखाने आहेत, तिथं बर्फ गोठवायला अमोनिया वापरतात. अमोनिया गळला तर माणसं गुदमरतात, म्हणून भिंतीवर भोंग्याच्या पेट्या असतात, आणि पेटीत बाटलीच्या बुचाएवढा सेन्सर असतो. त्याला वास लागला की तो वीज सोडतो. पण ती केवढी? एका अँपिअरचे शंभर कोटी तुकडे करा, त्यातले मूठभर. सेन्सर म्हातारा झाला की तेवढीही सोडत नाही, आणि भोंगा मग कुंभकर्णासारखा झोपून राहतो. तो सेन्सर जिता आहे की मेला, हे दिनानाथ ओटीवर बसून सांगतो.

हे मोजायचं यंत्र त्याच्या मुलीनं, कल्पितानं, बनवलं.

एकुलती एक पोर. इतर पोरी भातुकली खेळत तेव्हा ही बापाच्या टेबलाखाली बसून जुन्या बोर्डांवरचे रेझिस्टर रंगांवरून ओळखायची. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला तिनं हा मीटर केला. नऊ व्होल्टची साधी बॅटरी, नखाएवढी एक आयसी, म्हणजे चिप, काचेच्या अंगाचा शंभर मेगाओहमचा एक रेझिस्टर, आणि आकडा दाखवायला छोटी पट्टी. सगळं पालीहून आणलेल्या पेढ्यांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं, वर झाकण.

तेव्हा एक गोष्ट अडली होती. अशी एकाच बॅटरीवर चालणारी आयसी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, आणि शून्याच्या अगदी जवळ आली तरी अडखळते. आणि मोजायचं तर तिथंच, तळाशी! दिनानाथनं डोकं खाजवलं, म्हणाला, "दोन बॅटऱ्या लाव, एक उलटी." कल्पिता म्हणाली, "नको, आजोबांची काठी करू."

भागोजीची मिठागरातलं पाणी मोजायची काठी होती. वाफ्याच्या तळाला चिखल, काठी त्यात रुतणारच. म्हणून म्हाताऱ्यानं खालचं वीतभर टोक कोरं सोडून खुणा तिथून वर केल्या होत्या. खालचं चिखलाचं, वरचं पाण्याचं. पोरीनं तेच केलं. आयसीचं शून्यच उचलून पाचशे मिलिव्होल्टवर ठेवलं. काही जोडलं नसेल तर मीटर पाचशे दाखवणार, त्याच्या वर जेवढं चढेल तेवढा करंट. दिनानाथनं पट्टीवर पाचशेचा आकडा बघितला आणि पोरीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती कळवळली. आनंद झाला की त्याचा हात चालतो.

"एकच सांगते बाबा," ती तेव्हा म्हणाली होती, "बोर्डला बोट लावायचं नाही. बोटाच्या घामातूनसुद्धा करंट पळतो."

आणि मग हा शहाणा माणूस चुकला. चुकला म्हणजे किती चुकावं! कल्पितानं बंगळूरच्या एका कंपनीत अर्ज केला होता. तिचा फोन दुरुस्तीला गेला होता, म्हणून बापाचा नंबर दिलेला. कंपनीतून फोन आला: सोमवारी मुलाखतीला पाठवा. दिनानाथ ओटीवर उभा होता. आत पोरगी काहीतरी गुणगुणत सोल्डर करत होती. त्याला एकदम पुढचं सगळं दिसलं, रिकामं टेबल, रिकामी खुर्ची, आणि तो म्हणाला, "ती आता नोकरी करणार नाही." फोन ठेवला. कोणाला बोलला नाही, बायकोलाही नाही. दोन महिन्यांनी त्याच कंपनीत लागलेल्या मैत्रिणीकडून पोरीला कळलं. तिनं आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, तेवढ्यावर निभावलं असतं. पंधरा दिवसांत तिनं दुसरी नोकरी मिळवली, तीही बंगळूरलाच, आणि एक बॅग घेऊन गेली. जाताना आईच्या पाया पडली. बापासमोरून चालत गेली.

तेव्हापासून दर रविवारी अकराला कमळच्या फोनवर तिचा फोन येतो. कमळ म्हणजे दिनानाथची बायको. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून बोलते. दिनानाथ मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी वर्तमानपत्र धरून बसतो. वर्तमानपत्र कधी कधी उलटंही असतं. त्याला पलीकडचं नीट ऐकू येत नाही, नुसता आवाज येतो, उंच-खाली. तो आवाज किती वेळ आला एवढ्यावर त्याचा आठवडा जातो. घराला कुलूप लावून रात्रीच्या गाडीनं बंगळूरला जावं आणि तिच्या दारात जाऊन बसावं, असं त्याला कितीदा वाटलं. पण तिनं दार उघडलं नाही तर? ही भीती त्याला खायची.

दसऱ्याच्या आसपास मीटर बिघडला.

सेन्सर जोडलेला नसताना पाचशे दाखवायच्या ऐवजी तो पाचशे वीस दाखवू लागला. मग पाचशे पंचेचाळीस. मग पाचशे ऐंशी. सकाळच्या ओलसर हवेत चढायचा, दुपारी कडक उन्हात थोडा उतरायचा, संध्याकाळी खाडीवरून खारा वारा सुटला की पुन्हा वर. दिनानाथनं बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, टेबल भिंतीपासून सरकवलं, डब्याला बाहेरून पत्रा गुंडाळला. एक मात्र केलं नाही, बोर्डला हात लावला नाही. दुसऱ्या कोणाचा बोर्ड असता तर ब्रश घेऊन खसाखसा घासला असता. पण या बोर्डावरचा सोल्डरचा एकेक टाका पोरीच्या हातचा होता, आणि बोट लावायचं नाही असं ती सांगून गेली होती. तिचा तेवढाच एक शब्द मोडायचा राहिला होता.

तो रोज तीन वेळा आकडे वहीत लिहायचा. आणि मिठागरवाल्याचा पोर, त्याला त्यात एक गोष्ट दिसली. महिन्यातून एकदा आकडा पायरी चढल्यासारखा वर जायचा आणि तिथंच राहायचा. तो वर गेला की बघावं, तर खाडीला उधाण. झालं! दिनानाथनं मांडीवर थाप मारली. उधाणाचं पाणी आत येतं, हवेत खार वाढतो, तो बोर्डात शिरतो. त्यानं हे इतक्या जणांना सांगितलं, की चहाच्या टपरीवर लोक त्याला बघून "मीटरवाले, आज भरती किती?" म्हणून चिडवायला लागले.

बर्फाच्या कारखान्यात मशिनरी बघणारा विनेश वैतागला. "काका, सहा सेन्सर महिनाभर तुमच्याकडे पडलेत. नवा मीटर ऑनलाइन मागवा की! चार दिवसांत येईल."

"हाच नीट करतो," दिनानाथ म्हणाला.

"अहो, पण का?"

का ते दिनानाथ सांगणार होय! नवा मीटर आला असता तर पोरीला विचारायला काही उरलंच नसतं. आता कुठं, इतक्या वर्षांनी, त्याच्याकडे तिला विचारण्याजोगा एक प्रश्न होता, आणि तो जगात फक्त तिलाच विचारता येणार होता. फोन आपटला तर मात्र संपलं. दुसरा प्रश्न त्याच्यापाशी नव्हता.

चैत्रातल्या पहिल्या रविवारी फोन चालू असताना तो उंबऱ्यातून म्हणाला, "अगो, तिला इचार. मीटर पाचशेच्या जागी सहाशे चाळीस का दाखवतो?"

 कमळनं फोन कानापासून दूर धरून नवऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा कानाला लावला. "बाय, बाबा इचारतात…"

दिनानाथनं उंबऱ्यातून मान आत घातली, तेव्हा कुठं पलीकडचे शब्द त्याला ऐकू आले, "बॅटरी बघायला सांग."

"बघितली!" दिनानाथ ओरडला.

"बघितली म्हनतात," कमळ म्हणाली.

"ऐकलं मी," कल्पिता म्हणाली, आणि भाजी काय केलीस म्हणून आईला विचारू लागली.

पण आपटला नाही! फोन आपटला नाही. दिनानाथ त्या दुपारी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

दुसऱ्या रविवारी फोन आला आणि खुशाली व्हायच्या आतच पलीकडून प्रश्न आला, सेन्सर काढून, काहीच न जोडता, किती दाखवतो?

"तेव्हाचाच आकडा तो, सहाशे चाळीस," दिनानाथ म्हणाला. कमळनं ते पुढं पोचवलं.

"रिकामा असताना? मग करंट बोर्डातूनच पळतोय. रोजचे आकडे लिहिलेत का, विचार."

"लिहिलेत!"

"पुढच्या रविवारी वाचून दाखव म्हणावं."

तो आठवडा दिनानाथनं कसा काढला, ते त्याचं त्याला ठाऊक. वहीतले आकडे त्यानं नव्या कागदावर ठळक अक्षरांत उतरवले. शनिवारी केस कापून आला. कमळ म्हणाली, "आवो, फोन हाय, लग्न न्हाय." तरी रविवारी तो धुतलेला सदरा घालून, अकराच्या आधीच पाटाशेजारी जमिनीवर येऊन बसला. उंबरा त्यानं कधी ओलांडला, हे त्यालाही कळलं नाही.

कमळ कागद वाचू लागली. तिला अक्षरओळख आहे, पण तीनतीन आकड्यांच्या रांगा म्हणजे काय पूजेची पोथी? सकाळचा संध्याकाळला, संध्याकाळचा परवाला असा गोंधळ झाला. पलीकडे कल्पितानं एक लांब श्वास सोडलेला ऐकू आला.

"आई, दे त्याला फोन."

कमळनं फोन पुढं केला. दिनानाथ सदऱ्याला हात पुसत राहिला, तेव्हा तिनंच स्पीकर लावून तो दोघांच्या मध्ये पाटावर ठेवला.

"बोल," कल्पिता म्हणाली. बाबा म्हणाली नाही.

साडेतीन वर्षांत बापलेकीत झालेलं पहिलं बोलणं म्हणजे आकडे. पाचशे वीस, पाचशे अठरा, पाचशे तेवीस. दिनानाथ एकेक आकडा सावकाश वाचत होता, लवकर संपू नये म्हणून. मधेच ती थांबवायची, "पुन्हा सांग." तो पुन्हा सांगायचा. आकडा अडला की तो खोकल्याचं सोंग करत होता.

"इथं पायरी चढलीय," ती म्हणाली. "महिन्यातून एकदाच. कधी?"

"उधाणाला," दिनानाथ एकदम उजळला. "मी तेच म्हणतो लोकांना! उधाणाचा खार हाय तो."

"तिथी सांग."

त्यानं सांगितल्या. सगळ्या पायऱ्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाच्या.

"उधाण पौर्णिमेला येत नाही?"

 खाडीकाठी जन्म गेला माणसाचा! शेंबडं पोरही सांगेल, की उधाण महिन्यातून दोनदा येतं, पुनवेला आणि अवसेला. त्यानं कागद पुन्हा बघितला. पुनवेला आकडा ढिम्म हलला नव्हता.

"मग उधाण नाही ते," कल्पिता म्हणाली. "बोर्डवर कोणीतरी खार आणून टाकतंय. अवसेलाच. आपल्या घरात अवसेला काय होतं?"

 दिनानाथनं कमळकडे बघितलं. कमळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मी काढते," ती म्हणाली.

"काय काढतेस?"

"दृष्ट." तिनं फोनकडे बघितलं, नवऱ्याकडे नाही. "मीठ-मिरच्या घेऊन. तू व्हतीस तवा दर अवसेला तुजी काढायची ना, बाय? तू गेल्यावर कोनाची काढू? पोर समोर बसवायला न्हाय. तुज्या हातचं घरात हेच एक हाय. म्हनून डब्याला ओवाळून चुलीत टाकते."

"साडेतीन वर्षं?" कल्पितानं विचारलं.

"व्हय."

"पण आई, डब्याला झाकण आहे. मीठ आत कसं गेलं?"

कमळनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "पावसात तू आजारी पडलीस, धा दिवस दवाखान्यात. मला वाटलं, झाकल्या तोंडाची दृष्ट निघतच नसंल. तवापासून झाकन उघडते. मूठ भरून घेते, पडत असंल एखादा खडा."

दिनानाथ बायकोकडे बघतच राहिला. "पोर दवाखान्यात व्हती? मला सांगितलं न्हाय?"

"तुमी इचारलंत कवा?" कमळ म्हणाली. रागानं नाही, सरळच म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

फोनमधून काही आवाज येईना. दिनानाथला वाटलं, कट झाला. त्यानं वाकून बघितलं, सेकंद चालू होते. मग नाक ओढल्याचा आवाज आला. पोरगी रडत होती, आणि लहानपणी रडायची तशीच, तोंड दाबून.

आता नाही बोललो तर आपण माणूस नाही, असं दिनानाथला वाटलं. तो म्हणाला, "बाय, तो फोन… त्यांना मी न्हाय म्हणालो. तू जाशील म्हणून. मी चुकलो गो. लय चुकलो."

"मला माहीत होतं तू का केलंस," कल्पिता म्हणाली. "म्हणूनच तर इतका राग आला. लोभानं केलं असतंस, तर तुला तोडणं सोपं होतं." मग ती मीटरवर आली. "स्पिरिट आहे ना? मऊ ब्रशनं बोर्ड धू, दोनदा. मग उन्हात वाळव. पाचशेवर येईल." आणि ठेवते म्हणून तिनं फोन ठेवला.

दिनानाथ ओटीवर आला. स्पिरिटची बाटली काढली, दात घासायचा नवा ब्रश काढला, डब्याचं झाकण उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. सकाळच्या दमट हवेत विरघळून आणि दुपारी सुकून मिठाचा अगदी पातळ पांढुरका थर बसला होता, आयसीच्या पायांमध्ये, काचेच्या रेझिस्टरखाली, कल्पिताच्या टाक्यांच्या कडेकडेनं. कुठं कुठं एखादा बारीक खडाही होता. इतके महिने हा माणूस खाडीला दोष देत बसला होता, आणि त्याच्या पाठीमागे त्याची बायको दर अवसेला या पत्र्याच्या डब्याला पोरगी समजून तिच्यावरून मीठ उतरवत होती. कमळच्या ओठांवर तेव्हा काय काय येत असेल, ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याला वाटायचं, घरात आपण एकटेच झुरतो.

त्यानं ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला, बोर्डाजवळ नेला, आणि तसाच धरून बसला. स्पिरिट उडून गेलं. पुन्हा बुडवला, पुन्हा उडालं. शेवटी त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि साडेतीन वर्षांत न लावलेला नंबर लावला. रिंग चार वेळा वाजली.

"झालं का धुवून?" कल्पितानं विचारलं.

"न्हाय गो," दिनानाथ म्हणाला, आणि आता त्यानं खोकल्याचं सोंग केलं नाही. "माझ्यानं धुववत न्हाय."

 पलीकडून बंगळूरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. तो फोन कानाशी दाबून बसला.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गो?"

"राहू दे तसंच. मी येऊन धुते. कधी, ते आत्ता विचारू नको. विनेशदादाच्या सेन्सरांसाठी दुसरा मीटर कुरियरनं पाठवते." ठेवता ठेवता म्हणाली, "आणि आईला सांग, मी येईपर्यंत दृष्ट झाकण उघडूनच काढ म्हणावं."